उम्म हियामची सवत

अबू हियामला जाऊन सात आठवडे झाले. आता ही गोष्ट सांगायला मला कुणाची आडकाठी नाही. दोघांना दिलेल्या दोन शपथा दोघांबरोबर मातीत गेल्या.

माझं न्हाव्याचं दुकान ऐन हजल गावच्या झऱ्यासमोर आहे. गेल्या पन्नास वर्षांत या गावात जे काही घडलं, ते आधी माझ्या खुर्चीत येऊन बसलं आणि मग गावभर गेलं. कुणाची सोयरीक मोडली, कोण बेरूतहून नवे दात बसवून आला आणि पहिल्याच लग्नात हसताना ते दात ताटात पडले, सगळं लोकांना माझ्याकडून कळलं. माझी बायको नबीहा म्हणते, "तुमच्या पोटात जेवण सोडून दुसरं काही टिकत नाही." तिचं खरं आहे. एकच गोष्ट टिकली, आणि ती टिकली नसती तर फार बरं झालं असतं.

फन्दीचं, म्हणजे हियामच्या बापाचं, अबू हियामचं, पत्रेकामाचं दुकान माझ्या दुकानाला लागून. मधली भिंत इतकी पातळ की तो हातोडी मारायचा तेव्हा माझा वस्तरा हलायचा. माझ्याकडे दाढी करून गेलेल्या कितीतरी गालांवर फन्दीच्या हातोडीच्या खुणा आहेत. तो तेलाच्या शेगड्या बनवायचा. शूफच्या डोंगरात हिवाळा म्हणजे काय ते इथं राहणाऱ्यालाच कळतं. ऑक्टोबरच्या शेवटाला घराघरात मधल्या खोलीत शेगडी मांडली जाते, तिचं धुराचं नळकांडं भिंतीतून बाहेर काढलं जातं, आणि एप्रिलपर्यंत सगळं घर त्या एका लोखंडी डब्याभोवती राहतं. पोरं तिच्याभोवती अभ्यास करतात, म्हातारे डुलक्या घेतात, झाकणावर संत्र्याच्या साली सुकतात, भाकरी शेकते, किटली उकळते. भांडणंसुद्धा तिच्याभोवतीच होतात, कारण दुसऱ्या खोलीत जाऊन रुसायचं तर थंडीने दात वाजतात.

फन्दीच्या शेगडीची ओळख म्हणजे तिचं दार. दाराच्या पत्र्याला खिळ्याने बारीक बारीक भोकं पाडून तो तितर काढायचा. गावाच्या नावातच तितर आहे, हजल म्हणजे तितर. आत तेल पेटलं की भोकांतून उजेड यायचा आणि तितर लाल व्हायचा, आधी पोट, मग मान, सगळ्यात शेवटी डोळा. थंडीची पहिली झुळूक आली की बाया एकमेकींना विचारायच्या, "काय गं, तुमच्याकडे पाखरू जागं झालं का?"

आणि त्याची दुसरी खूण म्हणजे थेंब. मागच्या टाकीतून तेल तोटीवाटे थेंबथेंब जळणभांड्यात पडतं. थेंब जास्त झाला तर शेगडी भडकते, कमी झाला तर ज्योत सुस्तावते आणि धूर करते. बाकीचे कारागीर डोळ्याने अंदाज घेतात. फन्दी डाव्या हाताची दोन बोटं उजव्या मनगटावर ठेवून, नाडी मोजत तोटी लावायचा. "थेंब नाडीच्या चालीने पडला पाहिजे," तो म्हणायचा, "म्हणजे शेगडी घरातल्या माणसासारखी वागते." लोक हसायचे, पण त्याने लावलेली तोटी हिवाळाभर कुणी हलवत नसे.

त्याच्या स्वतःच्या घरातली तोटी मात्र तो स्वतःच्या नाडीवर लावत नसे, बायकोच्या नाडीवर लावायचा. हे मला कसं कळलं म्हणाल, तर लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यात मी त्याच्याकडे कानस परत द्यायला गेलो होतो. दार उघडंच होतं. फन्दी शेगडीमागे उकिडवा बसलेला, एक हात तोटीवर, दुसऱ्या हातात झहियाचं मनगट, आणि झहिया लाजून लाल झालेली. मी तिथूनच ओरडलो, "अरे, शेगडी लावतोयस की ताप बघतोयस?" संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. चाळीस वर्षं झाली तरी दर ऑक्टोबरात कुणी ना कुणी विचारायचंच, "काय फन्दी, या वर्षीची नाडी बघितली का?" आणि झहिया, जी पुढे हियामची आई म्हणून उम्म हियाम झाली, ओढणीचं पांढरं टोक तोंडावर धरून हसायची.

तिचं हसणं हीच खरी गावाची मालमत्ता. दुपार कलली की तिच्याकडे मत्ते प्यायला बैठक बसायची. आमच्या या डोंगरात दक्षिण अमेरिकेला न गेलेला एक तरी नातेवाईक प्रत्येकाला शोधावा लागतो. तिकडून माणसं क्वचितच परत आली, पण हा हिरवा कडू पाला आला आणि राहिला. शेगडीवर किटली, लहानशी तुंबी, तिच्यात पाला, आणि एकच धातूची नळी. उम्म हियाम पाणी ओतायची, लिंबाच्या सालीने नळीचं टोक पुसायची आणि पाळीपाळीने एकेकाला द्यायची. तुंबी परत देताना काही बोलायचं नाही. 'आभारी आहे' म्हटलं की त्याचा अर्थ पुरे, आता नको. त्यामुळे नवा पाहुणा शिष्टपणे आभार मानून बसला की त्याला दुसरी तुंबी मिळायची नाही आणि तो तासभर केविलवाण्या चेहऱ्याने आमच्याकडे बघत राहायचा. असे दोन जावई मी स्वतः फसवले आहेत.

त्यांना मूल एकच, हियाम. ती लग्न होऊन व्हेनेझुएलाला गेली. तीन वर्षांपूर्वी सप्टेंबरात ती महिनाभर आली आणि पहिल्याच दिवशी तिने आईला अंगणाच्या पायऱ्या चढताना ऐकलं.

"आई, तुझ्या छातीत शिट्टी वाजतेय."

"वय झालं म्हणजे काहीतरी वाजणारच. तुझ्या बापाचे गुडघे वाजतात."

हियामने तिला खालच्या गावच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाला, फुप्फुसं थकली आहेत, हिवाळ्याआधी घरातला तेलाचा धूर बंद करा. हियाम बापासारखीच, मनात आलं की हात चालू. आठवड्याच्या आत झाहले शहरातून एक टेम्पो गावात शिरला आणि त्यातून गोळ्यांची शेगडी उतरली. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोटाच्या पेराएवढ्या गोळ्या. त्या वरच्या पेटीत ओतायच्या, आतला स्क्रू फिरतो आणि एकेक गोळी आगीत ढकलतो. धूर जवळजवळ नाही, वास नाही. समोर काचेचं दार, वर कळा, आणि कळ दाबली की इटालियन अक्षरं उमटायची. विजेचा भरवसा नाही म्हणून हियामने बॅटरीसुद्धा आणली होती. पोरीने कसलीच सबब शिल्लक ठेवली नव्हती.

फन्दीने शेगडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, पत्र्यावर टिचकी मारली. "जाड आहे," एवढंच म्हणाला. ज्याने तीन गावांना शेगड्या दिल्या त्याच्या घरी दुकानातली शेगडी. पण लेकीकडे बघून त्याने मान हलवली. "बसवतो. हिवाळ्याआधी बसवतो."

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मग मी तोंड उघडलं.

दुसऱ्या दिवशी बैठकीला बारा-तेरा माणसं जमली होती. नवी शेगडी बघायला लोक खालच्या आळीतून आले होते. ती कोपऱ्यात उभी, चकचकीत, काळी, काचेचा चेहरा. माझ्यासमोर भरलेली खोली होती, आणि भरलेली खोली दिसली की माझ्या जिभेला खाज सुटते.

मी म्हणालो, "उम्म हियाम, तुमचं धैर्य मोठं. आपल्या पंथात दुसरी बायको चालत नाही. आणि तुमच्या नवऱ्याने या वयात आणली, तीही इटलीची."

खोली हलली. वहीब मास्तर, जो शाळेत तीस वर्षं हसला नव्हता, त्याच्या नाकातून मत्ते बाहेर आलं. उम्म हियामसुद्धा हसली. हसता हसता खोकली, आणि खोकता खोकता म्हणाली, "गोरी नाही पण, काळी आहे मेली."

"काळी असली म्हणून काय झालं?" मी म्हटलं. "गप्प बसणारी नाही. पंखा लावला की दिवसभर गुणगुणते. आणि नुसती काच पुसून घेते, तिच्या डोक्यावर किटलीसुद्धा उकळत नाही."

झालं. त्या दिवसापासून त्या शेगडीचं नाव सवत पडलं. गावच्या भाकरीच्या भट्टीवर बाया विचारायला लागल्या, "उम्म हियाम, सवत नांदायला आली का?" तेलवाला म्हणायला लागला, "अबू हियाम, दोन घरं सांभाळायची म्हणजे कठीण." शेजारच्या गावचे दोघेजण फन्दीकडे शेगडी सांगायला आले होते, ते हसत हसत म्हणाले, "तुम्हीच दुसरी आणलीत तर आम्ही पण बघतो." आणि परत गेले. मी हे सगळं खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला मीठ लावून सांगत होतो.

हियाम परत गेली आणि त्याच आठवड्यात उम्म हियाम नवऱ्याला म्हणाली, "ती कोठीत ठेव. मला नको."

फन्दीने विचारलं, "का?"

"मला पाखरू लागतं समोर. काचेकडे काय बघू? मी मेल्यावर बसव हवी तर."

फन्दीने ती गोणपाटात गुंडाळून कोठीत नेली. पण तो हात बांधून बसला नाही, हे मी सांगितलंच पाहिजे. त्याने धुराचं नळकांडं दोन हात उंच केलं, म्हणजे ओढ चांगली लागेल. एरवी वर्षातून एकदा काजळी काढायचा तो, त्या वर्षी दर शुक्रवारी काढायला लागला. खिडकीची वरची काच काढून तिथे जाळी बसवली. तिच्या छातीतली शिट्टी बंद करायला एक पत्रेवाला जे जे करू शकतो ते सगळं त्याने केलं. फक्त ती एक गोष्ट सोडून.

नोव्हेंबरात एका सकाळी तो माझ्याकडे दाढीला आला. गालावर साबण, गळ्यावर वस्तरा. माणसं अशा वेळी खरं बोलतात, हा माझा अनुभव आहे.

"अबू फायेक," तो म्हणाला, "एक सांगतो, पण तुझ्या फायेकच्या डोक्याची शपथ, बाहेर गेलं नाही पाहिजे."

"वस्तरा माझ्या हातात आणि धमक्या तू देतोस. बोल."

"मी ती शेगडी कोठीत खोलून पाहिली. पूर्ण. स्क्रूसुद्धा काढला. काम चांगलं आहे रे. माझ्यापेक्षा चांगलं. धूर कुठून येणारच नाही असं केलंय त्यांनी."

"मग बसव की."

"मी आज बसवीन. लोक हसले तर हसू देत, चाळीस वर्षं हसतायतच. पण तिला नको आहे. तिला वाटेल मी हार मानली. ती माझ्या पाखराकडे बघत बसते ना, मी ते विझवलं तर तिला काय वाटेल? हे तिला सांगू नकोस. माझा हात थकला असं वाटेल तिला."

मी टॉवेलने त्याचा चेहरा पुसला आणि शपथ घेतली.

चारच दिवसांनी, सकाळी नबीहा भट्टीवर गेली असताना, उम्म हियाम आमच्या अंगणात आली. हातात बिहीच्या मुरंब्याची बरणी. बाकावर बसली आणि बराच वेळ नुसता श्वास घेत राहिली. आमच्या घरापर्यंत चढ आहे, पण फार नाही.

"भाऊ, तुम्हाला एक विचारायचंय. ती शेगडी परत तर नाही ना पाठवणार हे?"

"कोण? सवत?"

ती हसली नाही. "काल मी कोठीत गेले होते. गोणपाट बाजूला करून तिच्याजवळ बसले. थंडच होती, तरी बरं वाटलं. तिथे धुराचा वास नाही ना." मग श्वास घेऊन म्हणाली, "मला ती हवी आहे, अबू फायेक. पहाटे उठून बसते मी. हवा आतच जात नाही."

"मग सांगा ना फन्दीला. एका शब्दाचं काम आहे."

"तेच तर. मी एक शब्द बोलले तर ते संध्याकाळच्या आत बसवतील. मग दुकानात कुणाला तोंड दाखवतील? दोन गिऱ्हाइकं गेली ती तुम्हाला ठाऊक आहेत. आणि तुम्ही नाव ठेवलंत ते आता गावाच्या तोंडून निघणार नाही." हे ती रागाने बोलली नाही, पाऊस पडतोय म्हणून सांगावं तसं बोलली. "एका हिवाळ्याचाच तर प्रश्न आहे. मार्चपर्यंत निभावेन मी. पुढल्या वर्षी लोक विसरतील, मग हळूच बसवू. यांना कळता कामा नये. फायेकच्या डोक्याची शपथ घ्या."

फायेक माझा मुलगा. त्या दिवसांत त्याच्या डोक्याला फार कामं होती.

मीही शपथ घेतली. पण तुम्ही म्हणाल की या शपथेने माझं तोंड बंद झालं, तर ते खोटं होईल. आयुष्यात मी याहून जड शपथा दुपारच्या जेवणाआधी मोडल्या आहेत. खरं कारण वेगळं होतं, आणि ते सांगताना मला आजही लाज वाटते.

माझ्याकडे जन्मात कधी आली नव्हती अशी गोष्ट आली होती. नवऱ्याला शेगडी बसवायची आहे, बायकोला ती हवी आहे, आणि दोघंही एकमेकांसाठी नको म्हणतायत. आणि हे ठाऊक असलेला सगळ्या डोंगरात मी एकटा. अशी गोष्ट कुणी दुकानात, दोन माणसांसमोर, साबण लावता लावता वाया घालवतं का? मी ती भरल्या बैठकीत सांगणार होतो. मनात सगळी जुळवाजुळव केली होती. आधी फन्दीला चिडवायचं, मग तिला, मग हळूहळू दोघांना कोपऱ्यात आणायचं आणि शेवटी एकदम दोन्ही गुपितं समोरासमोर ठेवायची. तो लाल होईल, ती ओढणी तोंडावर धरेल, आणि आम्ही सगळे मिळून कोठीतून सवत वाजत गाजत आणू. मी त्या हसण्याचा आवाजसुद्धा ऐकत होतो. फक्त खोली भरलेली हवी होती.

डिसेंबरात खोली भरली नाही. अर्ध्या आळीत फ्लूची साथ होती. जानेवारीत वहीब मास्तरच्या भावाचं निधन झालं, बैठकी बंद. त्या वर्षी तेलही धड मिळत नव्हतं. मिळालं ते भेसळीचं. आहे ते पुरावं म्हणून फन्दीने तोटी थोडी बंद केली. थेंब कमी झाला, ज्योत सुस्तावली आणि तितराच्या चोचीतून बारीक काळी रेघ वर चढायला लागली. थेंब कमी केला की धूर होतो, हे गावाला त्यानेच शिकवलं होतं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मी आणि नबीहा त्यांच्याकडे गेलो. बैठकीला आम्ही चौघंच. उम्म हियाम शेगडीपासून लांब, खिडकीच्या जाळीखाली बसली होती. अंगावर दोन शाली. किटली, तुंबी, लिंबाची साल, सगळं नेहमीसारखं. मला देऊन झाली, नबीहाला देऊन झाली, फन्दीला देऊन झाली. मग तिने स्वतःसाठी ओतली, दोन घोट घेतले आणि तुंबी फन्दीच्या हातात दिली.

"आभारी आहे," ती म्हणाली.

पाणी ओतणारा माणूस आभार मानत नाही. तो शेवटपर्यंत पितो, किटली रिकामी होईपर्यंत. आम्ही तिघांनी तिच्याकडे बघितलं.

"काय हो," मी म्हणालो, "तुमचं तुम्हालाच आवडेनासं झालं वाटतं."

"आज पुरे," ती म्हणाली.

फन्दीने तुंबी हातात धरली होती आणि तो तिच्या मनगटाकडे बघत होता. गोष्ट माझ्या जिभेवर होती. खरंच सांगतो, दातांपर्यंत आली होती. मग मी खोलीत नजर फिरवली. चार माणसं. चार माणसांत काय सांगायची एवढी मोठी गोष्ट? गुरुवारी वहीब मास्तरचं सुतक संपत होतं, सगळे येणार होते. गुरुवारी सांगू.

मंगळवारी बर्फ सुरू झाला. बुधवारी सकाळी दाराला कंबरेइतका होता आणि खालचा रस्ता दिसेनासा झाला. न्याहारीच्या वेळी फन्दीने भिंतीवर हातोडी मारली. दुकानाच्या नाही, आमच्या घराच्या मागच्या भिंतीवर. बर्फातून कसा आला कोण जाणे. पायात घरातल्या सपाता.

"अबू फायेक, चल. तिला हवा मिळत नाहीये."

आम्ही सहा जणांनी तिला खुर्चीत बसवून, वर घोंगड्या टाकून, वळणापर्यंत उचलून नेलं. तिथे बर्फ काढणारं यंत्र पोचलं होतं, त्याच्यामागे जीप. वाटेत ती एकदा माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली. मी कान जवळ नेला. ती म्हणाली, "शपथ." एवढंच. मी मान हलवली. फन्दी दुसऱ्या बाजूने खुर्ची धरून चालत होता आणि त्याचा अंगठा तिच्या मनगटावर होता. खुर्चीचं ओझं, बर्फ, चढउतार, तरी तो अंगठा हलला नाही.

गुरुवारी दुपारी, खालच्या इस्पितळात, ती वारली. बैठकीच्या वेळेला.

दुखवट्याला माणसं मावेनात. पुरुषांची रांग अंगणाबाहेर रस्त्यापर्यंत गेली होती. मला हवी होती तेवढी गर्दी, सगळी तिथे होती. फन्दी मधे बसला होता. मी त्याच्या शेजारी, कारण आम्ही सहा वर्षांचे असल्यापासून शेजारी बसत आलो.

लोक थोडे पांगले तेव्हा तो म्हणाला, "एका गोष्टीचं समाधान आहे."

"कसलं?"

"शेवटपर्यंत तिला तेच हवं होतं. पाखरू. मी विचारलं होतं, तुला ठाऊक आहे. तिने सांगितलं, काचेकडे काय बघू. जे तिला आवडत होतं त्याच्यासमोर शेवटचे दिवस काढले तिने. नाहीतर मी स्वतःला कधी..."

पन्नास वर्षं ज्या जिभेने या गावाला हसवलं, ती माझ्या तोंडात दगडासारखी पडली होती. मी म्हणालो, "हो."

हियाम आठ दिवसांनी पोचली. कोठीत गेली, गोणपाट काढलं आणि शेगडीच्या काचेवर साचलेली धूळ ओढणीने पुसत बसली. मी दारात उभा होतो.

"काका," तिने विचारलं, "हिला सवत कुणी म्हटलं?"

"मी."

तिने मान वर केली नाही. "चांगलं होतं नाव," ती म्हणाली. "आईने फोनवर सांगितलं होतं. हसत होती."

फन्दीने लेकीसाठी ती शेगडी बसवली. एका दुपारात. भिंतीतलं जुनं भोक तेच वापरलं. तितराची शेगडी त्याने दुकानात नेऊन ठेवली. नंतर त्याने एकही नवी बनवली नाही. मधल्या भिंतीतून आवाज येणं बंद झालं आणि माझा वस्तरा सरळ चालायला लागला. गिऱ्हाइकं म्हणायची, तुझा हात सुधारला.

पुढच्या हिवाळ्यात त्याने मला बोलावलं. दुपार कलली होती. सवतीने खोली छान उबदार केली होती, भिंती स्वच्छ, हवा स्वच्छ. किटली तिच्यावर उकळत नाही, म्हणून त्याने स्वयंपाकघरातल्या गॅसवर पाणी करून थर्मासमध्ये आणलं. तुंबीत पाला जास्त भरला. लिंबाची साल विसरला, पुन्हा उठला. दोघंच होतो. काचेमागे आग, आणि वरून एकेक गोळी पडत होती. टक. टक. टक.

बराच वेळ आम्ही तुंबी एकमेकांना देत राहिलो. मग तो म्हणाला, "तुला या गावातलं सगळं ठाऊक असतं."

"वय झालं आता."

"खरं सांग. तिला ही हवी होती का रे?"

खोलीत दोन माणसं होती. याहून रिकामी खोली मला आयुष्यात मिळाली नव्हती, आणि याहून लक्ष देऊन ऐकणारा माणूसही.

"नाही," मी म्हणालो. "तिला तुझंच पाखरू हवं होतं. नबीहालासुद्धा म्हणाली होती."

त्याने हळूहळू मान हलवली. नळीचं टोक पुसून तुंबी माझ्या हातात दिली. मी प्यायलो. कडू होतं, आणि तो माझ्याकडे न बघता आगीकडे बघत होता, डाव्या हाताची दोन बोटं स्वतःच्या उजव्या मनगटावर.

"फार जलद पडतायत," तो म्हणाला.

त्याचा हात शेगडीच्या मागे गेला, जिथे चाळीस वर्षं तोटी होती. तिथे त्याला गुळगुळीत पत्रा लागला. हात तिथेच राहिला, मी तुंबी परत देईपर्यंत.